घासणं माझं, पिळणं तिचं

खरं सांगा, तुमच्या अंगातल्या शर्टाची कॉलर शेवटची कोणी घासली? मशीनने, असं म्हणू नका. मशीन कॉलर घासत नाही. मशीन शर्टाला गरागरा फिरवते, त्याला चक्कर आणते, आणि चक्कर आलेला माणूस जसा "मला काही झालेलं नाही" म्हणतो, तसा तो शर्ट बाहेर येऊन "मी स्वच्छ आहे" म्हणतो. हे मत होसकट्टीच्या गंगव्वाचं. ते खोडून काढायला जे जे गेले, ते आपलाच शर्ट तिच्या हातात काढून देऊन बनियनवर घरी आले.

गंगव्वा चौसष्ट वर्षांची. वजन पंचेचाळीस किलो, त्यातले पाच किलो नुसत्या आवाजाचे. विणकर गल्लीत शेवटचं घर तिचं. मागे परस, परसात मोरी, आणि मोरीच्या काठाला धुण्याचा दगड. काळाभोर, एका बाजूला उतरता, मधोमध घासून घासून इतका गुळगुळीत झालेला की त्यावर बसलेली माशी घसरते. हा दगड गंगव्वाच्या बापाने लग्नात बैलगाडीतून आणून दिला होता. सासरचा दगड खडबडीत, लुगडी फाडणारा, हे त्याच्या कानावर आलं होतं. सोयरे फिदीफिदी हसले. बाप म्हणाला, "हसा, हसा. सोनं दिलं असतं तर दोन वर्षांत गहाण पडलं असतं. दगड कोण गहाण ठेवून घेतो?" आणि तसंच झालं. कानातलं गेलं, पाटल्या गेल्या, नवरा गेला, हातमाग गेला. दगड आहे तिथेच आहे.

गेलं ते आता मनगट. उजवं. पिळा मारताना कट्ट करून वाजायला लागलं. बाई बोलली नाही, पण भाकरी बोलली. गंगव्वाची जोंधळ्याची भाकरी म्हणजे पलीकडचा माणूस दिसावा अशी पातळ. ती जाड होत होत उशीएवढी झाली. सून दाक्षायणी प्राथमिक शाळेत शिक्षिका. चाळीस पोरांच्या वह्या तपासून तिची नजर अशी झाली होती की चूक लपवणाऱ्याची मान आधी दिसायची, चूक मागून. भाकरीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. सासूला, म्हणजे तिच्या 'अत्ती'ला, डॉक्टरकडे घेऊन गेली.

"अत्ती, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? पिळायचं नाही. आपटायचं नाही."

"त्या डॉक्टरच्या बाहीची घडी बघितलीस? आत मळाची रेघ आहे. ज्याला स्वतःची बाही कळत नाही, त्याला माझं मनगट काय कळणार?"

गुरुवारी मशीन दारात आली. दोन पोटांची. एका पोटात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. पिळायच्या पोटाला सगळी गल्ली ड्रायर म्हणते. खाली चार छोटी चाकं. गंगव्वाने भोवती दोन फेऱ्या मारल्या, झाकण उचलून आत हाक मारली, आपलाच आवाज परत आला तसं झाकण आपटलं.

"सून आणलीस होय गं घरात? पोट दोन आणि हात एकही नाही!"

दाक्षायणी हसली. मग जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं. परसात सपाट जागा एकच, मोरीपाशी. तिथे दगड आहे. सोमवारी गवंडी येऊन दगड फोडून नेणार. "दगड आहे तोवर तुम्ही आपटणार, अत्ती. मला माहीत आहे. मी शाळेत गेले की तुम्ही आपटणार."

गंगव्वाने मशीनकडे पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं.  मग ती म्हणाली, "पैज."

"कसली पैज?"

"उद्या रथ आहे. रविवारी कपडे धुऊ. एक शर्ट तुझी मशीन एकटी धुईल. एक शर्ट मी धुईन. तिचा पांढरा निघाला तर दगड मीच फोडते, गवंड्याला कशाला चहा पाजायचा? माझा पांढरा निघाला तर दगड राहिला."

"आणि तुमचं मनगट?"

गंगव्वाने मनगटाकडे पाहिलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि सुनेची नजर बघून मिटलं. "बरं. घासणं माझं. खळबळणं आणि पिळणं तिचं. तिलाही कळू दे, घरात काम काय असतं."

शुक्रवारी रथ निघाला. आमच्याकडे रथाच्या कळसाला केळी आणि खारका फेकून मारतात. नवस असतो. कळस उंच, नेम आमचे दिव्य, त्यामुळे निम्मी केळी दोर ओढणाऱ्यांच्या पाठीत बसतात. गंगव्वाचा मुलगा चन्नबसप्पा, म्हणजे चन्नू, बस डेपोत मेकॅनिक. वर्षभर ग्रीसमध्ये लोळणारा हा प्राणी नेमका रथाच्या दिवशी पांढरा शर्ट घालतो. त्याच्या शेजारी दोर ओढत होते फकीरप्पा मास्तर, भिंतीपलीकडचे शेजारी, ड्रिल शिकवून निवृत्त. ऐंशी टक्के इस्त्रीची खळ, वीस टक्के माणूस. संध्याकाळी दोघे घरी आले तेव्हा दोघांच्या कॉलरींवर केळ्याचा लगदा, आणि छातीवर रथाच्या आसाचं काळं वंगण.

"छान!" गंगव्वा म्हणाली. "अगदी सारखे मळलेत. मास्तर, तुमचा शर्ट काढा."

"का?"

"परीक्षा आहे."

मास्तर परीक्षेला घाबरणारे नव्हते. शर्ट काढून दिला. रविवारी निकाल मास्तरांनीच द्यायचा, असंही ठरलं.

रविवार पाण्याचा दिवस निघाला. होसकट्टीत नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे पिंप, घागर, कळशी, पातेलं, एवढंच काय जुना पत्र्याचा पाळणासुद्धा भरलेला. दाक्षायणीने मास्तरांचा शर्ट मशीनच्या पहिल्या पोटात टाकला, पावडर टाकली, बटण फिरवलं आणि ओढणीला हात पुसत बाहेर गेली. ओसरीवर चन्नू आणि मास्तर चुरमुरे आणि मिरची भजी घेऊन बसले होते. आतून मशीनचा घर्र घर्र आवाज येत होता. मधे दाक्षायणी दोनदा आत जाऊन पाणी आणि पोट बदलून आली, आणि शर्ट धुऊन, खळबळून, ड्रायरमधून पिळून बाहेर आला आणि दोरीवर लटकला. आता गंगव्वाची पाळी.

"बटण मीच फिरवणार," ती म्हणाली. "कोणी आत यायचं नाही. शिकवायला तर अजिबात नाही."

"अत्ती, एवढंच सांगते, ड्रायरमध्ये कपडे मोकळे करून..."

"तू शाळेत शिकव."

दार लागलं. गंगव्वा पाटावर बसली. वंगणाला आधी रॉकेलचं बोट, मग साबणाची वडी, मग ब्रश. केळ्याच्या डागाला आंबट ताक चोळून ठेवलं. आपटायचं नव्हतं म्हणून चन्नूचा शर्ट दगडावर पसरून ती नुसती घासत राहिली, वरून खाली, वरून खाली, आणि दरवेळी हात आपोआप डोक्यावर जायचा आणि ती त्याला खाली ओढून आणायची, जसं खोडकर वासराचं दावं ओढावं. शर्टाबरोबर चन्नूचं धोतर, दोन पंचे आणि एक जाडजूड सतरंजीही घासून झाली. एवढ्याशा शर्टासाठी पाणी वाया घालवायचं नाही, हा तिचा धर्म.

मग खळबळणं. कपडे मशीनच्या पहिल्या पोटात, वर दोन बादल्या पाणी. मशीन इकडून तिकडे, तिकडून इकडे. गंगव्वा कमरेवर हात ठेवून बघत होती. "हूं. अजून साबण आहे. आणखी एकदा. अगं नीट! नुसती ढवळतेस काय, कढी आहे का?" दुसऱ्या पाण्याला साबण गेला. तिसऱ्या पाण्यात तिने निळीचे चार थेंब टाकले. मशीनची नळी तिने मोरीत न सोडता बादलीत सोडली होती, ते पाणी अंगण धुवायला. आणि खरं म्हणजे तिला बरं वाटत होतं. मनगट दुखत नव्हतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

आता पिळणं. इथे चूक झाली, आणि ती चूक मशीनवर वाढलेला माणूस सात जन्मात करणार नाही. पंचेचाळीस वर्षं दगडावर धुणाऱ्या बाईचा हात ओला कपडा मोकळा सोडूच शकत नाही. पिळायचं नाही, हे तिच्या लक्षात होतं. पण "पिळणं" आणि "थोडासा पीळ देणं" यात तिच्या मते फरक होता. तिने डाव्या हाताने प्रत्येक कपड्याला थोडासा पीळ दिला, त्याचा दोरखंड केला, दोरखंडाची वेटोळी केली आणि ड्रायरमध्ये एका बाजूला नीट रचली. सगळ्यांत वर सतरंजी. दुसरी बाजू रिकामी. कपड्यांवर दाबायची प्लास्टिकची भोकांची ताटली असते, एकाच शर्टासाठी दाक्षायणीने ती शोधली नव्हती, आणि गंगव्वाला शोधायचा प्रश्नच नव्हता, कारण ती कुठे आहे हे फक्त गंगव्वालाच माहीत होतं. झाकण लावलं. बटण फिरवलं.

मशीन आधी गुरगुरली. मग थरथरली. मग उचकी लागल्यासारखी एक उडी मारली आणि निघाली.

ओली फरशी, साबणाचं पाणी, चार चाकं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणलेली वायर चांगली लांब. मशीन तुळशीकडे गेली, तुळशीला वळसा घालून पिंपाला धडकली, पिंप घागरीवर, घागर पाळण्यावर.

"ए! कुठे? माहेरी निघालीस काय? अगं थांब, बये!"

गंगव्वाने तिला मागून धरलं. पंचेचाळीस किलोंना मशीनने विचारलं नाही. मग गंगव्वाने तेच केलं जे ती पळत्या म्हशीबाबत करायची. उडी मारून वर बसली.

दार उघडून तिघे आत धावले तेव्हा काय दिसलं, ते मास्तर आजही उभे राहून सांगतात. साबणाच्या फेसातून मशीन धडधडत येतेय, तिच्यावर गंगव्वा स्वार, पदर कमरेला खोचलेला, एक हात झाकणावर, एक हात हवेत, आणि तोंडाने कन्नडमधल्या अशा शिव्या ज्या डेपोत चन्नूनेही ऐकल्या नव्हत्या.

"अत्ती, बटण बंद करा!"

"बटण माझ्याखाली आहे!"

"यव्वा, उतर!"

"तू आधी थांब म्हण तिला! तू मेकॅनिक ना?"

चन्नू धावला, घसरला आणि बसल्या बसल्या मोरीपर्यंत गेला. मास्तरांना काही सुचलं नाही म्हणून त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने खच्चून ओरडून हुकूम सोडला, "थांऽऽब!" मशीनने हुकूम मानला नाही. ती थेट मोरीकडे निघाली. मोरीपलीकडे चार फूट खोल गटार. दाक्षायणीने डोळे मिटले.

खट्.

मशीन धुण्याच्या दगडाला जाऊन भिडली. दगड हलला नाही. तो कधी हललाय? एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला भिंत, मधे मशीन गच्च बसली. आतला ड्रायर फिरत होता, पण आता नुसता गुणगुणत होता, पाळण्यातल्या पोरासारखा. वर गंगव्वा. दोन मिनिटांनी बटण टिक झालं आणि सगळं शांत झालं.

दाक्षायणीने डोळे उघडले. आधी सासूचं मनगट धरून पाहिलं, मग खांदा, मग पाय. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर तिला राग आला. "तिथे दगड नसता तर?"

गंगव्वा म्हणाली, "सोमवारनंतर नसताच."

 मग दाक्षायणीने झाकण उघडून वेटोळी बघितली. "आणि ताटली कुठे आहे?"

गंगव्वाने आकाशाकडे पाहिलं. दाक्षायणी स्वयंपाकघरात गेली. ताटली मोड आणायला ठेवलेल्या मुगाखाली होती, पाणी निथळायला.

"एवढी छान भोकाभोकाची वस्तू," गंगव्वा पुटपुटली, "कपड्यांत कुजवायची?"

निकाल लागायचा होता. मास्तरांनी दोन्ही शर्ट दोरीवर शेजारी शेजारी टांगले, हात मागे बांधले, कवायतीची पाहणी करावी तसे दोनदा पुढून गेले. मशीनचा शर्ट अंगाने पांढरा, कॉलरवर केळं जिवंत, छातीवर वंगणाचा नकाशा. गंगव्वाचा शर्ट बगळ्याच्या पंखासारखा, एक डाग नाही. पण पिळून पिळून इतका सुरकुतलेला, की ब्याडगी मिरचीने लाजावं.

"स्वच्छतेला गंगव्वा पहिली," मास्तर म्हणाले. "पण शिस्तीत नापास. आणि माझा शर्ट तिनेच परत धुवावा."

सोमवारी गवंडी आला. दाक्षायणीने त्याला दगड दाखवला आणि म्हणाली, "याला हात लावायचा नाही. याच्या अंगाला अंग लावून मशीनला हातभर ओटा बांध. ती त्याच्या धाकात राहील." चहा गवंड्यालाही मिळाला, आणि तो गंगव्वाने दिला.

आता रोज सकाळी गंगव्वा पाटावर बसून फक्त कॉलर, बाही आणि कोपर घासते. बाकी खळबळणं, पिळणं दगडाला टेकून बसलेल्या धाकट्या सुनेचं. डेपोचे ग्रीसचे कपडे मात्र रविवारी चन्नू स्वतः घासतो, तो दाक्षायणीचा हुकूम आहे, आणि मास्तर भिंतीवरून मोजणी देतात, एक-दोन, एक-दोन. भाकरी पुन्हा पातळ झालीय, पलीकडचा चन्नू दिसतो.

तेव्हा एवढं करा. आज घरी गेलात की आपली कॉलर उलटी करून बघा, आणि उद्या ती आपल्या हाताने घासा, मशीन आहे म्हणून घरातल्या बाईच्या माथी मारू नका. आणि ड्रायरची ताटली मुगाखाली सापडली, तर मुकाट्याने जागच्या जागी ठेवा आणि उसळ खाऊन घ्या.