चौथी डोलकाठी

बंदरालगतच्या जुन्या चर्चला दरवर्षी आतून चुना द्यायचं काम चुनेवाल्या आत्याचं. सगळी वस्ती तिला आत्या म्हणे. सख्खं भाचरू एकही नव्हतं, ते सोडा.

चर्चच्या एका भिंतीवर जहाजंच जहाजं होती. कुण्या काळच्या खलाशांनी सफरीला निघण्याआधी खिळ्याने कोरलेली. वरून चुना फिरला की रेघा बुजतात. म्हणून तिच्या बाबांची रीत अशी, की चुना ओला असतानाच अंगठ्याच्या नखाने एकेक रेघ मोकळी करायची. आठ वर्षांच्या लेकीला त्यांनी शिडीवर चढवलं. "नख वाढव, अक्कल आपोआप वाढेल." नख वाढलं. लग्नातही तिने ते कुणाला कापू दिलं नाही.

यंदा कमिटीच्या सेक्रेटरींना रोलर आणि प्लास्टिक पेंटची हौस आली. फादर आत्याच्या बाजूचे. त्यांनी जुन्या जहाजांची जाणकार बाई बोलावली. चित्रं अस्सल ठरली तर भिंत आत्याच्या हाती, नाहीतर रोलर.

सगळ्यांत मोठ्या जहाजापाशी बाईचं भिंग थांबलं. "चार डोलकाठ्या? या बांधणीच्या जहाजाला तीनच असतात. कुणीतरी मागाहून काढलेलं दिसतंय."

"मी म्हणत नव्हतो?" सेक्रेटरी खुलले.

चौथी डोलकाठी म्हणजे भिंतीचा तडा, हे आत्याला दहाव्या वर्षीच कळलं होतं. बाबांची नजर अधू, आणि चष्म्याचं नाव काढलं की जेवण टाकून उठत. तडासुद्धा ते दरवर्षी मन लावून कोरायचे, मागे सरून बघायचे, खूश व्हायचे. ते गेल्यावर चाळीस वर्षं तिनेही कोरला. गेलेल्या बापाला खोटं कोण पाडणार?

पण गप्प बसावं तर जहाजच खोटं पडत होतं.

"तो तडा आहे," ती म्हणाली. "बाबांना दिसायचं नाही. त्यांनी कोरला, मग मीही."

"म्हणजे तुमच्या घराण्याने आम्हाला चुनाच लावला!" सेक्रेटरी म्हणाले.

"दरवर्षी. तुम्हीच बोलवत होता ना?"

बाईला हसू आवरेना. पुन्हा भिंग लावून तिने ती रेघ खालपर्यंत तपासली. जहाजाचा तळ ओलांडून ती सरळ फरशीपर्यंत गेली होती. "तडाच आहे. मग उरल्या तीन. जहाज अस्सल, आत्या, आणि भिंत तुमची. फक्त हा तडा बुजवा."

फक्त म्हणे!

चुन्याच्या दिवशी आत्याने तीन डोलकाठ्या नखाने मोकळ्या केल्या. चौथीसाठी अंगठ्यावर ओला चुना घेतला आणि वरून दाबत खाली आली. अर्ध्यावर हात थांबला.

"दमलात का?" खालून शिडी धरून उभे असलेले फादर म्हणाले.

"छे हो. बाबांना चष्मा लावतेय. नेहमीसारखेच नको म्हणतायत."

आणि तिने उरलेला तडा भरला.