हळदीचं पाणी

आमच्या सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, पाहुण्याला माठातलं पाणी कधी दिलं नाही. कळशी घेऊन त्या अंगणातल्या विहिरीवर जायच्या, ताजं पाणी शेंदायच्या आणि पाहुण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. मग विचारायच्या, "गोड हाय ना?" नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. उन्हाळ्यात आमच्या वैशाखरे गावातले नळ कोरडे पडले की सगळी आळी याच विहिरीचं पाणी प्यायची, आणि सासूबाईंचा तोरा असा, जसं काही ते पाणी त्यांनीच जमिनीत भरून ठेवलंय.

एकच दुखणं होतं. मोरीचा जुना सिमेंटचा पाईप पडवीखालून, विहिरीच्या अंगानं शोषखड्ड्याकडे जायचा. दरवर्षी कुठेतरी पाझरायचा आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरवर्षी त्याला सिमेंट थापायचे. "बुजवून किती दिस काढाल? नवा घाला," सासूबाईंचा धोशा. "अजून मजबूत हाय गो," मामंजींचं ठरलेलं उत्तर. सुनीताच्या, माझ्या नणंदेच्या, लग्नासाठी पडवीत नव्या फरशा बसल्या. पाईप खाली तसाच राहिला.

हळदीच्या सकाळी हळद लावून झाल्यावर सुनीताची मोरीत आंघोळ झाली. थोड्या वेळानं पाहुणे आले, म्हणून सासूबाई सवयीप्रमाणे विहिरीवर गेल्या. मागे मी तांबे घेऊन. पाणी खोल गेलं होतं, आतले दगड उघडे पडले होते. त्या दगडांच्या फटीतून हळदीचा पिवळा ओघळ खाली उतरत होता.

मी घाबरून मामंजींना बोलावलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोनाला बोलू नका. उंद्या वऱ्हाड येतंय. लगीन होऊं दे, मी सिमेट मारतो."

सासूबाईंनी कळशी तिथंच पालथी घातली आणि भर मांडवात जाऊन उभ्या राहिल्या. "सगल्यांनी आयका. आमच्या मोरीचं पानी हिरीत उतारतंय. हिरीचं पानी कोनी पिऊं नका."

मला मान वर करवेना. मामंजी पुटपुटले, "अगो, नवी फरशी..."

"फरशी फुटली तं दुसरी बसंल. आळीतलं एकांदं पोर आजारी पडलं तं काय कराल?" असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिली फरशी स्वतःच्या हातानं फोडली.

मग मात्र सगळा मांडव उठला. पाहुण्यांनी पँटी दुमडून चर खणला. सासूबाईंचा भाऊ मुरबाडहून टेम्पोत नवे पाईप घेऊन आला. आळीतल्या बायकांनी लांबच्या हातपंपावरून लग्नाचं पाणी भरलं. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरदेव फळीवरून चर ओलांडून आत आला. दागिने दाखवायचे सोडून सासूबाई व्याह्यांना पाईप दाखवत होत्या. "आख्खा नवा हाय! एक बी जुना तुकडा ठेवला नाय."

विहीर उपसून, पाणी तपासून घेतल्यावरच त्यांनी पुन्हा कळशी सोडली.

सासूबाई आता नाहीत. आळीत कोणाकडेही हळद असली, की नवरीच्या आंघोळीनंतर बायका विहिरीत डोकावून येतात. तशी आता रीतच पडली आहे. यंदा माझ्या लेकीच्या हळदीला त्या डोकावल्या. दगड स्वच्छ होते. अशा बाईची मी सून, या विचारानं माझा ऊर भरून आला. मी कळशीभर पाणी शेंदलं, होणाऱ्या व्याह्यांच्या हातात तांब्या दिला आणि तो रिकामा होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"गोड हाय ना?"