दाबून काढलेला थेंब

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल. घरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलायची छाती माझ्यात तेव्हा नव्हती, आजही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोपरगावला आम्ही चौघं राहायचो: आई, साखर कारखान्यात नोकरीला असलेला माझा थोरला भाऊ, त्याची बायको सुमनवहिनी, आणि मी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, लग्न व्हायचं होतं. आईला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची एक झडप कामातून गेली. पुण्याला ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माला चिकटते. गोळी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते, जास्त झाली तर नाकातून, हिरड्यांतून, कुठूनही रक्त सुरू होतं. म्हणून रक्त कितपत लवकर गोठतंय ते सारखं तपासायचं, आणि त्यासाठी आईला एसटीने नगरला न्यायचं. आईला गाडी लागायची. राहुरी यायच्या आत ती अर्धी झालेली असायची.

मग जर्मनीत असलेल्या माझ्या मावसभावाने एक यंत्र पाठवलं. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब ठेवायचा, थोड्या वेळात आकडा येतो. अडीच ते साडेतीनच्या मध्ये आला की सगळं ठीक. गल्लीतली माणसं बघायला यायची, आणि मी — काय सांगू — मी ते यंत्र वर्गात प्रयोग दाखवावा तसा दाखवायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही.

गोळ्या मात्र वहिनी द्यायच्या. आईला रोज चार गोळ्या, कुठली कशाची ते तिला कळायचं नाही. सून हातावर ठेवील ते ती गिळायची. या दोघींचं सख्य होतं का? होतं, आणि कुरबुरीही होत्या, जशा असतात. त्याच हिवाळ्यात वहिनींना तिसगावला माहेरी एका लग्नाला जायचं होतं आणि आईने, माझ्या गोळ्यांचं कोण बघणार, म्हणून अडवलं होतं. वहिनी चार दिवस गप्प होत्या. एवढंच.

थंडी पडली. आईची बोटं उभा जन्म खुरपं धरून लाकडासारखी झालेली, त्यात गारठलेली. टोचलं तरी रक्त येईना. पट्टी वाया घालवायची नाही — पट्ट्या तिकडून कुणी येईल त्याच्याबरोबर यायच्या — म्हणून मी बोट मुळापासून टोकापर्यंत दाबायचो, गाईची धार काढावी तसं. दाबत दाबत शेवटी एक थेंब यायचा. आणि आकडा यायचा दीड. पुढच्या खेपेला पुन्हा दीडच्याच आसपास.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "देते की भाऊजी रोज." मी गोळ्यांचं पाकीट तपासलं. गोळ्या बरोबर होत्या, एकही जास्त उरलेली नव्हती. शहाणा माणूस तिथे थांबला असता ना? आपलंच काही चुकत असेल, असं त्याच्या मनात आलं असतं. मापन करणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुका — हा धडा मी दरवर्षी नववीला शिकवायचो, फळ्यावर आकृती काढून. पण मी थांबलो नाही. जेवायला बसलो असताना, आईसमोर, दादासमोर, मी म्हणालो, "गोळी पाकिटातून निघते, पण आईच्या पोटात जात नाही." वाक्य मला आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, ते मी आधी मनात जुळवून ठेवलं होतं.

दादाचा घास हातातच राहिला. आईने वहिनींकडे पाहिलं, आणि ते पाहणं पुढे कधीच बदललं नाही. वहिनी उठल्या, गोळ्यांचा डबा आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, म्या एक बी गोळी चुकवली न्हाई." पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्या दिवसापासून गोळ्या मी द्यायला लागलो. आणि आकडा? दीडच. माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांदेखत गोळी जात होती आणि आकडा जागचा हलत नव्हता. मी आईला आणि यंत्राला घेऊन नगरला गेलो. डॉक्टरांनी शिरेतून रक्त घेऊन तपासायला पाठवलं, आणि मला म्हणाले, तुम्ही घरी कसं करता ते दाखवा. मी आईचं बोट हातात घेतलं, टोचलं, दाबायला लागलो. त्यांनी माझा हात धरला. दाबलं की मांसातला द्रव रक्तात उतरतो, म्हणाले, रक्त पट्टीवर लवकर गोठतं आणि आकडा खोटाच खाली येतो. मग त्यांनी कोमट पाण्यात आईचा हात बुडवला, खाली लोंबता ठेवला, टोचलं. थेंब आपणहून आला. आकडा आला दोन पूर्णांक आठ. शिरेतल्या रक्ताचाही जवळपास तेवढाच आला.

यंत्र बरोबर होतं. गोळी बरोबर होती. वहिनी बरोबर होत्या.

डॉक्टर माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलले होते, आईला त्यातलं काही उमगलं नव्हतं. परतीच्या एसटीत तिने विचारलं, "काय म्हन्ले रं डाक्टर?" मी म्हणालो, "गोळी आता नीट लागू पडतीय म्हणाले." ती म्हणाली, "तू देतूस म्हनून." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ऊस भरलेले ट्रॅक्टर चालले होते.

मी लबाडी केली म्हणजे नुसती एवढीच का? पुढे मी कोमट पाण्याने, न दाबता थेंब घ्यायला लागलो, आकडे छान यायला लागले, आणि प्रत्येक छान आकडा घरात वहिनींच्या विरुद्ध साक्ष देत गेला. मास्तरने गोळ्या हातात घेतल्या आणि बघा! हे मी ऐकायचो. ऐकून घ्यायचो.

मग वहिनींचे वडील तिसगावहून आले. दादाने बोलणं टाकलंय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. पिशवीत बाजरी आणि शेंगा. जयभीम घालून खाटेच्या अगदी कडेला बसले. त्यांनी आईशी नाही, दादाशी नाही, माझ्याशी बोलणं काढलं — घरातला शिकलेला मीच ना. "पोरीचं चुकलं आसंल तर पोटात घाला, मास्तर. तिला आई न्हवती, शिकवाया कुनी न्हवतं." त्यांनी हात जोडले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. माझ्या जिभेवर आलं होतं — खरंच आलं होतं — आणि मी म्हणालो, "जाऊ द्या मामा, झालं गेलं विसरून जाऊ." क्षमा केली मी त्यांना! त्या म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. वहिनी आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. पहिला कप मला दिला.

आई त्यानंतर दीडेक वर्ष जगली. दादा हळूहळू बोलायला लागला. आईचं मन मात्र वळलं नाही. वहिनींनी औषध आणलं की ती म्हणायची, "ठिव तिथं, पोरगा यील." पुढे पुढे तर दूधसुद्धा माझी वाट बघत गार व्हायचं. तिचं अंग पुसणं, लुगडं बदलणं, सगळं वहिनी करायच्या. तेवढं तिला चालायचं.

शेवटच्या दुपारी दादा कामावर होता. आईच्या घशाला कोरड पडली होती. वहिनींनी वाटीत पाणी आणलं, चमचा तिच्या ओठांना लावला. आईने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवून मला शोधलं. वहिनींनी वाटी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाल्या. मी चमचा पुढे केला, आईने तोंड उघडलं. ती सगळं पाणी प्यायली.

तेव्हा सांगता आलं असतं. आईला शेवटपर्यंत नीट ऐकू येत होतं.