नुसता बसलेला ऑइल फिल्टर

"चेन गेली," बॉनेट खाली करत मी सांगितलं. "टायमिंग चेन. इंजिन उघडावं लागेल."

सांगताना आवाज असा लावला होता की समोरच्याने पुढे काही विचारूच नये. हा आवाज मला छान जमतो. मी चुकत असलो की जरा जास्तच छान जमतो.

समोर डॉक्टर मेधा होत्या. लंडनजवळच्या आमच्या इल्फर्डच्या मराठी मंडळातल्या. नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात आल्या, भूलतज्ज्ञ झाल्या, आणि आता ग्लासगोला कन्सल्टंट म्हणून त्यांची पहिली पोस्ट होती. सोमवारी जॉइन व्हायचं. शनिवारी गाडीत सगळं सामान भरून, आईला शेजारी बसवून चारशे मैल जायचं. आणि त्या दिवशी बुधवार होता.

गाडीची तक्रार साधी होती. रोज सकाळी सुरू केली की तीन-चार सेकंद खडखड, मग एकदम शांत. त्यांनी फोनवर रेकॉर्डिंगच करून आणलं होतं.

"काका, शनिवारपर्यंत होईल?"

"पार्ट्स यायलाच सोमवार उजाडेल."

"मग हिला स्क्रॅपला देते आणि व्हॅन भाड्याने घेते. आईला व्हॅनमध्ये चढवायचं कसं ते बघते." किल्ली टेबलावर ठेवताना त्या थांबल्या. "पण तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच सर्व्हिस केलीत ना? त्याआधी हा आवाज नव्हता हो."

हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र ते संध्याकाळी बसमध्ये टोचायला लागलं. सर्व्हिसमध्ये मी बदललं काय? तेल आणि ऑइल फिल्टर. बस्स.

फिल्टर म्हणजे इंजिनाला बाहेरून फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा. आत घड्या घातलेला जाड कागद असतो, तो तेलातला कचरा अडवतो. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. डब्याच्या तोंडाशी एक रबरी झडप असते, ते कमी जणांना ठाऊक असतं. इंजिन बंद झालं की ही झडप तेल डब्यातच धरून ठेवते. ती नसेल, आणि डबा आडवा बसवलेला असेल, तर रात्रभरात सगळं तेल खाली तळाच्या टाकीत उतरतं. सकाळी इंजिन सुरू होतं ते कोरडं. टायमिंग चेन ताणून धरायला तेलाचा दाब लागतो. तो येईपर्यंत चेन सैल, म्हणून खडखड. जिथे डबा तोंड वर करून उभा बसतो, तिथे या झडपेवाचून बऱ्यापैकी चालून जातं. डॉक्टरांच्या गाडीत तो आडवा होता.

आता तीन आठवड्यांपूर्वीचा पराक्रम सांगतो. योग्य फिल्टर दुपारच्या डिलिव्हरीत येणार होता आणि डॉक्टरांना एक वाजता ड्युटीवर पोचायचं होतं. माझा बॉस गॅरी म्हणाला, "शर्क, पार्ट्सवाल्याला रेजिस्ट्रेशन नंबर सांग, शेल्फवरचा कुठला चालेल तो बघून सांगेल." शिर्के हे नाव त्याला वीस वर्षांत जमलेलं नाही.

मी हसलो. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये मी डोळे मिटून, नुसता हात फिरवून फिल्टर ओळखायचो. पोरं पैजा लावायची. असा माणूस फोन करून नंबर विचारणार? शेल्फवरून एक डबा उचलला. आटे जुळले, रबरी रिंग जुळली, उलट उंचीला बोटभर जास्तच. मोठा आहे, म्हणजे चांगलाच असणार!

"बसतोय की!" मी गॅरीला ओरडून सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी गाडी सुरू करायच्या आधी मी तिच्याखाली शिरलो. आडवा फिल्टर सैल केला की तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. प्रत्येक मेकॅनिकच्या बाह्या याची साक्ष देतील. मी ट्रे धरला, फिल्टर फिरवला, काढला.

हात कोरडा.

तिथे पाठीवर पडल्यापडल्या मला एक झकास कल्पना सुचली. गुपचूप योग्य फिल्टर लावायचा आणि सांगायचं, 'डॉक्टर, चेन वाचवली बघा!' मंडळात वर्षभर नाव झालं असतं. कल्पना मला मनापासून आवडली, हे कबूल करतो. पण त्या बाई सोमवारी कोणाला तरी भूल देणार, आणि मी त्यांनाच गुंगीत ठेवणार? ते काही गिळवेना.

गॅरीला सांगितलं. त्याने चहाचा मग खाली ठेवला. "म्हणजे बसला होता, पण चालत नव्हता?"

"हो."

"आणि काल तू चेन म्हणालास."

"हो, गॅरी."

"चांगल्या आवाजात म्हणालास."

या वेळी रेजिस्ट्रेशन नंबर दिला, शिवाय चासी नंबरही. एकाच मॉडेलमध्ये मधेच इंजिन बदललेलं असू शकतं. नवा फिल्टर आला तेव्हा त्याच्या तोंडाच्या बारीक भोकांतून आत डोकावलो. नारिंगी सिलिकॉनची झडप होती. बोटाने दाबली, मऊ. थंडीत कडक न होणारी. लावला, नवं तेल भरलं. पण खरी परीक्षा गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच होणार होती.

शुक्रवारी सकाळी आठला डॉक्टर आल्या. किल्ली मी त्यांच्याच हातात दिली. गॅरी हाताची घडी घालून उभा. त्यांनी स्टार्टर मारला.

इंजिन गुरगुरलं. खडखड नाही. एक सेकंदसुद्धा नाही.

"चेन?" त्यांनी विचारलं.

"चेन ठीक आहे. आणखी काही आठवड्यांत बिघडली असती, पण वेळेवर आलात. चूक माझी होती."

मी बसवलेला फिल्टर आणि योग्य जातीचा एक जुना, दोन्ही कापून बाकावर शेजारी-शेजारी ठेवले. एकात झडप, दुसऱ्यात नुसतं भोक. त्या वाकून बघत राहिल्या.

"पायांच्या शिरांत असते तशी झडप आहे ही. आणि तुम्ही बिनझडपेचा बसवलात?"

"बसत होता हो."

"काका, हॉस्पिटलमध्ये असं झालं की आम्हाला इन्सिडंट फॉर्म भरावा लागतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. द्या कागद."

मी लिहायला बसलो. 'का झालं' या रकान्यात 'अहंकार' लिहिलं. त्यांनी पेन घेऊन ते खोडलं.

"हे कारण आमच्याकडे कधीच स्वीकारत नाहीत. सगळेच लिहितील. 'पार्ट नंबर तपासला नाही' असं लिहा."

शनिवारी त्या निघाल्या. सोमवारी पहाटे ग्लासगोहून व्हॉट्सॲपवर दहा सेकंदांची क्लिप आली. गाडीच्या काचेवर बर्फ, इंजिन शांत, आणि मागून आईंचा आवाज, "चालू झाली का ग?"

फॉर्म गॅरीने लॅमिनेट करून फिल्टरच्या शेल्फवर चिकटवलाय. मराठी वाचता येत नाही, तरी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तो त्याचा अर्थ समजावतो, दर वेळी थोडं वाढवून. तुम्ही फिल्टर घ्याल तेव्हा नंबर जुळवून घ्या आणि झडप आहे का ते विचारा. "बसतोय की!" असं कोणी म्हणालं, तर किल्ली परत मागा. तो मी असलो तरी.