विटांखालचा समुद्र

“थे आता आपली नाही राह्यली. रिद्धपूरले नेऊन बसव तिले.”

आजी काकांना हळू आवाजात सांगत होती. मी दाराआड होते. बोलणं काकूबद्दल होतं. अंगात काही शिरलेल्या बाईला आमच्याकडे रिद्धपूरच्या देवस्थानात नेऊन ठेवत. काही परत येत, काही तिथेच राहत.

काकूला काकांनी मुंबईकडे नोकरीत असताना लग्न करून आणलं होतं, थेट समुद्रकाठून. अकोल्याजवळच्या आमच्या गावात विहिरीचं पाणी खारट. पहिल्या घोटालाच ती म्हणाली होती, “म्हणजे तो इथवर येऊन गेलाय.” कोण, ते कुणी विचारलं नाही.

वैशाखात दुपारी घर अंधार करून निजलं की ती मोरीमागच्या विटांवर पाणी शिंपडी. वीट उचलली की खालचे करडे किडे आवाज न करता उजेडापासून सरकत. बोट लावलं की काहींची गोळी होई. “कुर्ल्यांचे भाऊबंद हे,” ती म्हणे. “सुकले की गुदमरतात.” मिशनच्या इंग्रजी शाळेत मीही तेच शिकले होते: कूळ खेकड्यांचं, आणि श्वास पोटाखालच्या कल्ल्यांनी.

एकदा तिने एक मादी तळहातावर उलटी केली. पोटाशी पाण्याची पातळ पिशवी, आत पांढरी पिल्लं हलत होती. “बघ गो, आपला समुद्र बरोबर घेऊन फिरते.” दुसरा एक किडा मागून पांढरा, पुढून करडा होता. कात टाकताना ते आधी मागचं अर्धं अंग सोडतात. त्याच्याकडे ती फार वेळ बघत बसली.

मग आम्हा दोघींना तो निळा दिसला. मोरपिसासारखा निळा, आणि उजेडाला न भिणारा. “निळा झाला की बोलावणं आलं,” काकू म्हणाली. तेव्हापासून ती आपली नखं निळी होतात का ते निरखू लागली.

निळ्याचं तिने आजीला सांगितलं आणि तिथेच बिघडलं. आजीने सगळ्या विटा उलथल्या. खाली करडेच निघाले.

रिद्धपूरला जायला दमणीला बैल जुंपले, तेव्हा शेजारणी दारात जमल्या होत्या. मला बघायला पाहुणे यायचे होते, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. काकू ओसरीवर नखं बघत बसली होती.

“निळा किडा कोनं पाह्यला बाप्पा?” आजी बायकांना ऐकवत होती. “हिनंच.”

मी उंबरा ओलांडला.

“मीबी पाह्यला, आजी. निळाच होता.”