आक्काच्या खुर्चीचा पिवळा ठिपका

बसायचा पगार मिळतो म्हटल्यावर लोक हसणारच. राणीसरकारला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी विचारलं, "काय हो, कारखान्यात नेमकं करता काय तुम्ही?" की ती चष्मा सावरून म्हणायची, "बसते. आणि बसून कंटाळा आला की झोपते." तिचं खरं नाव वेगळंच होतं. पण दिवसभर एका खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला कारखान्यातल्या पोरांनी राणीसरकार नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

कारखाना खुर्च्यांचाच, पण या खुर्च्या जरा शहाण्या होत्या. गादीच्या आत कागदासारख्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असत. कोणी बसलं की त्या पट्ट्यांना कळायचं, आणि दूर कुठेतरी मुलीच्या नाहीतर नातवाच्या मोबाईलवर एक पिवळा ठिपका उजळायचा: खुर्चीत माणूस आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा सगळा खटाटोप. मात्र नव्या खुर्चीला काही म्हणता काही कळत नाही. तिला शिकवावं लागतं. ऐसपैस बसणं कसं, घाईत नुसतं टेकणं कसं, एका कुशीवर कलंडणं कसं. सगळ्यात अवघड धडा झोपेचा. झोपलेलं माणूस इतकं निवांत होतं की अडाणी खुर्चीला वाटतं, गेलं हे उठून! म्हणून जेवण झालं की राणीसरकारने एका खुर्चीत चक्क डुलकी काढायची, हे तिचं काम. समोर संगणकाच्या पडद्याशी वायरवाली बसायची. ही वायरी जोडणारी पोरगी, जिभेने तिखट पण मनाने सोनं. पडद्यावर राणीसरकारच्या श्वासाची रेघ सावकाश चढायची, सावकाश उतरायची.

काय दुपारी असायच्या त्या! कापलेल्या फोमची पांढरी भुकटी उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायची. शिलाईची मशीनं लांब कुठेतरी गुणगुणायची. डोळे मिटले की राणीसरकारला वाटायचं, खुर्चीचे पाय जमिनीवरून अलगद सुटले. मग खुर्ची खिडकीतून बाहेर पडायची, गोदामांच्या छपरांवरून जायची, सुकत घातलेल्या चादरींना घासत नदीवर यायची. नदी खाली संथ, हिरवी. आणि पलीकडच्या काठावर, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आक्का.

आक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली आणि आक्काने लोकांचे कपडे इस्त्रीला घेतले, ती जी टेबलापाशी उभी राहिली ती राहिलीच. बाकीची भावंडं बसून जेवली, बसून शिकली. आक्का उभ्याउभ्याच जेवायची, एक डोळा इस्त्रीवर. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायची, "एवढे गठ्ठे संपू देत." गठ्ठे काय संपतात थोडेच!

त्या उभं राहण्याने तिच्या पायांची वाट लागली होती. पाय सुजून टम्म. त्यात एकदा जिन्यात चक्कर आली. भाचा, म्हणजे त्यांच्या गेलेल्या भावाचा मुलगा, प्रेमळ होता पण भलताच घायकुता. तो म्हणाला, "धाकटी आत्या, डॉक्टरांनी तिला रोज दुपारी पाय वर घेऊन बसायला सांगितलंय. ऐकेल तर शपथ. फोन ती वापरत नाही, माझ्याकडे ती येत नाही. हे असंच चालणार असेल तर मी तिला आश्रमात ठेवतो. मग माझ्यावर रागावायचं नाही."

त्या दोन खोल्यांतून आक्काला उचललं तर ती जगायची नाही, हे राणीसरकारला पक्कं ठाऊक होतं. तिने कारखान्यातली एक शहाणी खुर्ची घेऊन आक्काकडे पोचवली, चांगली खोल, मऊ, पुढ्यात पाय ठेवायला स्टूल. ठिपका आपल्या आणि भाच्याच्या मोबाईलवर घेतला. आक्काला सांगून ठरलं ते असं: रोज दुपारी ठिपका दिसला, म्हणजे आक्का बसली. आक्का बसत असेल तर आक्का तिथेच राहील.

पहिल्याच दिवशी ठिपका जेवणानंतर उजळला तो थेट दिवेलागणीपर्यंत. राणीसरकारला आनंदाने काय करू नि काय नको झालं. "आक्का बसली! अगं, माझी आक्का बसली!" असं ओरडत तिने सगळ्या कारखान्याला चहा पाजला. सुताराला तर दोनदा.

पुढे रोजच ठिपका यायचा, आणि राणीसरकारच्या दुपारी आणखीनच गोड झाल्या. मोबाईल मांडीवर ठेवून ती डोळे मिटायची. आता नदीवर दोन खुर्च्या तरंगायच्या, एकीत ती, एकीत आक्का. आक्काच्या हातात इस्त्री नाही, काही नाही. रिकामे हात पाण्यात बुडवून बसलेली आक्का तिला तेवढ्यातच दिसायची, आणि उठवलं की ती वायरवालीवर उगाचच खेकसायची.

अशाच एका दुपारी काम कमी होतं. वायरवाली म्हणाली, "राणीसरकार, या इकडे. मोबाईलवर नुसता ठिपका येतो, पण खुर्चीची पूर्ण रेघ आपल्याकडे असते. बघू तरी तुमची आक्का कशी झोपते." तिने राणीसरकारच्या कालच्या डुलकीची रेघ वर लावली, खाली आक्काची.

वरची रेघ श्वासाबरोबर हलत होती. खालची सपाट होती. इस्त्री फिरवल्यासारखी सपाट.

"वायर सुटली असेल," वायरवाली म्हणाली. ठिपका तर पिवळाधमक. म्हणजे खुर्चीत वजन आहे आणि श्वास नाही.

राणीसरकार उठली ती चपला न घालताच. टॅक्सीत बसली, पुलावर गर्दी लागली तशी उतरून पळत सुटली. खाली नदी तशीच संथ, हिरवी होती, आणि पळतापळता तिला वाटत होतं की हीसुद्धा एक डुलकीच असावी, आता वायरवाली खांदा हलवेल. कोणी हलवला नाही. दोन जिने चढून तिने दार बडवलं.

दार आक्काने उघडलं. हातात कोणाचा तरी शर्ट. "काय गं? भूत बघितल्यासारखी काय करतेस? आणि चपला कुठायत?"

राणीसरकारचा जीव भांड्यात पडला, आणि मग नजर खुर्चीवर पडली. खुर्चीत चादर पांघरून कोणीतरी बसलं होतं. तिने चादर ओढली. आत इस्त्र्या होत्या. आक्काने जन्मभर वापरलेल्या, मोडल्या तरी टाकून न दिलेल्या. कोळशाच्या, विजेच्या, मुठी जळालेल्या, एकीला टेकून एक नीट रचलेल्या.

"आक्का!" राणीसरकार एवढ्या मोठ्याने ओरडली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस? मी तिकडे खुळ्यासारखी त्या ठिपक्याकडे बघून हसते, आणि तू... तू इस्त्र्या बसवतेस? एक तासभर बसायला काय होतं गं तुला? कसला एवढा ताठा?"

आक्काने शर्टाची कॉलर दुमडली. बाही दुमडली. मग शर्ट तसाच टेबलावर सोडून दिला.

"बसले होते की," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. छान वाटलं, डोळा लागला. मग जाग आली तर उठताच येईना. पाय स्टुलावर, मी आत रुतलेली. हात टेकले, जोर लावला, पुन्हा आत. शेजारीण दिवे लागायच्या वेळी किल्ली द्यायला उघड्या दारातून आत आली, तिने ओढून काढलं."

"अगं, मग हाक मारायचीस!"

"हाक मारली असती तर गाव गोळा झालं असतं. भाच्याला कळलं असतं." आक्का खिडकीकडे बघत राहिली. "मला भीती वाटते गं बसायची. उभी असले की निदान उभी तरी असते."

थोरल्या बहिणीच्या तोंडून भीती हा शब्द राणीसरकारने कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात वायरवालीचा काळजीचा फोन आला, तेव्हा राणीसरकारने तिला त्या पहिल्या दिवसाची रेघ पाठवायला सांगितली. ती आली. सुरुवातीला झोपेची, लहान लहान लाटांची. मग एकाएकी उंच टेकडी आणि खाली आदळलेली रेघ. पुन्हा टेकडी. पुन्हा. दिवे लागेपर्यंत सारख्या टेकड्या, शेवटी शेवटी बुटक्या होत गेलेल्या. प्रत्येक टेकडीला आक्काने दोन्ही हातांनी जोर लावला होता, आणि त्याच वेळी आपण सुताराला दुसरा चहा देत होतो. राणीसरकार इस्त्र्यांशेजारी जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. आक्का तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिली, अर्थात उभ्यानेच.

दिवसभर उठबस करून पोट भरणारी बाई! खुर्चीला तिने बसणं शिकवलं, झोपणं शिकवलं, पण बसलेल्या माणसाला उठायचं असतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुताराने येऊन खुर्चीच्या पायांखाली ठोकळे बसवले, मऊ गादी काढून टणक घातली. कामावर जाण्याआधी राणीसरकार रोज आक्काकडे येऊ लागली.

"आधी पाय खाली. आता पुढे सरक, पार कडेला. पावलं मागे घे. वाक."

"वाकले की."

"आणखी वाक. नाक गुडघ्यांच्या पुढे. माझ्यासमोर वाकायला लाज वाटते का?"

"धाकटी आहेस, धाकटीसारखी राहा," आक्का फणकारली आणि वाकली. आधी तिला राणीसरकारचे दोन्ही हात लागायचे. मग एक हात. मग नुसतं बोट. मग बोटही नको, पण राणीसरकार समोर हवी. ती दाराबाहेर गेली की आक्काला उठता यायचं नाही.

"तू नसताना जमायचं नाही," आक्का म्हणाली.

"भाच्याला खरं काय ते मी सांगणार आहे," राणीसरकार म्हणाली. "इस्त्र्यांसकट. पण त्याआधी एकदा एकटी ऊठ. माझ्यासाठी ऊठ."

त्या दुपारी राणीसरकारला डुलकी लागेना. वायरवाली वैतागली, "अहो झोपा ना, कामं पडलीयत!" मांडीवरच्या मोबाईलवर ठिपका उजळला. फोमची भुकटी उन्हात तरंगत होती, मशीनं गुणगुणत होती, सगळं तेच, पण खुर्ची काही जमीन सोडेना. ठिपका पिवळा. अजून पिवळा. राणीसरकारने दोन्ही पावलं मागे घेतली, कडेला सरकली आणि स्वतःच पुढे वाकली.

ठिपका विझला.

ती श्वास धरून बसली. ठिपका पुन्हा लागला. पुन्हा विझला. लागला, विझला, लागला, विझला. पडद्यावर राणीसरकारची रेघ नाचायला लागली, आणि वायरवालीने कपाळाला हात लावला. इतक्यात मोबाईल वाजला. भाचा होता, घाईत, नेहमीसारखा.

"आत्या, मोठ्या आत्याच्या खुर्चीत काहीतरी बिघाड झालाय. ठिपका सारखा लागतोय नि विझतोय. कोणाला तरी पाठवून दुरुस्त करून घे."



"बिघाड नाही रे," राणीसरकार म्हणाली. "आक्का उठतेय."