काकूच्या तोंडचं प्रकरण

मासिकाची जोडलेली पानं अण्णा पितळी सुरीने सोडवू लागत, तेव्हा कोऱ्या कागदाचा आणि शाईचा दर्प ओसरीभर पसरे; खाडीवरून येणाऱ्या खारट वाऱ्यातही तो वेगळा ओळखू येई... एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे ते दिवस, आमचं घर कल्याणचं, आणि मी आठ-नऊ वर्षांची. अण्णा म्हणजे माझे वडील, घरातले कर्ते. त्या वर्षी मासिकातून एक कादंबरी येत होती. गोष्ट एकाच कुटुंबाची, पण दर महिन्याचं प्रकरण त्या कुटुंबातलं निराळं माणूस सांगे. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नसे. थोरल्या भावाच्या तोंडचं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचताना अण्णांची मान संथ डोलत होती.

दुसरं प्रकरण धाकट्या सुनेचं. विधवा नणंद चुलीपाशी लपून अक्षरं गिरवते, थोरले दीर तिची पाटी अंगणात भिरकावतात — इथवर वाचून अण्णा थांबले. आमच्या आत्याची पाटी त्यांनी अशीच फोडली होती. घरात लिहिता-वाचता येणारी बाई एकच, धाकटी सून राधाकाकू. तिच्या नवऱ्याने, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, बापूकाकांनी, तिला शिकवलेलं.

त्या दुपारपासून घर बदललं. दौत कुलपात गेली. टपालवाला आला की आई खिडकीशी उभी राही, काकू आत आली की चाललेली बोलणी विझत, आणि मलाही वाटे, आपण बोललो ते कुठेतरी छापून येईल...

शेवटी अण्णांनी विचारलंच. काकू दाराआडून म्हणाली, "मी नाही लिहिलं. पण त्यात खोटं काय आहे?"

"उद्या हिला ठाण्याला माहेरी पोचव," अण्णा काकांना म्हणाले.

काका उपरण्याचं टोक पिळत म्हणाले, "ते मी लिहिलंय, अण्णा."

"बाईच्या तोंडचं?"

"हो. आणि पहिलं, तुम्हाला आवडलेलं... ते तुमच्या तोंडचं."

अण्णांनी मासिक मिटलं. ते पुन्हा आमच्या घरात आलं नाही. काकू राहिली, पण नवऱ्यावरचा तिचा विश्वास उडाला. तिने एकांतात सांगितलेलं त्यांनी छापायला दिलं होतं, आणि सारं घर तिच्यावर पाळत ठेवून असताना ते गप्प बसले होते. ते ओसरीवर आले की ती हलकेच म्हणे, "आता बोलायला नको, उतरवून घेतील." म्हणताना हसत नसे.

काकू पुढे साथीत गेली. काकांचं लेखक म्हणून नाव झालं. त्यांच्या कादंबऱ्या माझ्या फडताळात आहेत. त्यांतही माणसं आळीपाळीने आपली बाजू सांगतात — वकील, भटजी, कारकून, म्हातारा सासरा... बाई कुणी बोलत नाही.